चक्कर : शब्द एक, कारणे अनेक

सकाळचा अभिषेक आटोपला होता. वेदीसमोर गवासनात बसून अक्कांनी पंचांग नमस्कारासाठी मस्तक भूमीला टेकवले. ते वर उचलताच समोरची वेदी, खांब, टांगलेली घंटा, सारे भिंगरीसारखे फिरू लागले. अक्कांनी दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरली. पोटात ढवळून आले. शेजारच्या श्राविकेने खांद्याला आधार दिला. अर्ध्या मिनिटाने जग पुन्हा स्थिर झाले, परंतु भीती मात्र स्थिर झाली नाही.

हे उदाहरण प्रातिनिधिक आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या कोणत्याही श्रावकाच्या घरी थोड्याफार फरकाने ते आढळेल. पुढे जे घडते तेही ठरलेलेच असते. घरचे म्हणतात, “वय झाले, उपवास कमी करा.” शेजारी म्हणतात, “रक्तदाब असेल.” कोणी पित्ताला दोष देते. मानेचे क्ष-किरण छायाचित्र काढले जाते, त्यात मणक्यांची झीज दिसते, आणि निदान झाले असे सर्वांना वाटते. मानेला पट्टा लागतो, चक्करेची गोळी सुरू होते आणि ती सुरूच राहते.

अक्कांच्या बाबतीत अशी दोन वर्षे गेली. त्या मंदिरात जाईनाशा झाल्या. डाव्या कुशीवर झोपणे त्यांनी सोडले. माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर करणे त्यांनी सोडले. शेवटी, “असातावेदनीय कर्माचा उदय आहे, भोगूनच संपवायचा,” असे म्हणून त्यांनी घराबाहेर पडणेही सोडले. कर्मोदयावरील श्रद्धा आपल्या जागी योग्यच आहे. पण योग्य उपचाराचे निमित्त हाताशी असताना ते दूर ठेवावे, असे त्या श्रद्धेने कधी सांगितलेले नाही. अक्कांचा आजार प्रत्यक्षात काही मिनिटांत बरा होण्याजोगा होता. उणीव होती ती केवळ योग्य प्रश्नांची.

तोल कशावर उभा असतो?

मराठीत या अनुभवाला शब्दांची वाण नाही. गरगरणे, भोवळ, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोक जाणे, डोके हलके वाटणे, पाय अधांतरी वाटणे असे अनेक शब्द आहेत. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक जण ‘चक्कर येते’ एवढेच सांगतात. चक्कर हा स्वतंत्र आजार नव्हे. ते एक लक्षण आहे आणि त्यामागे कान, मेंदू, हृदय, रक्त, पायांच्या नसा, औषधे किंवा मन यांपैकी काहीही असू शकते.

मनुष्य दोन पायांवर सरळ उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या भरवशावर. डोळे भोवतालची जागा पाहतात. तळपाय, सांधे आणि स्नायू जमिनीचा अंदाज कळवतात. आणि दोन्ही कानांच्या आत, कवटीच्या कठीण हाडात दडलेले तोलाचे इंद्रिय मस्तकाची प्रत्येक हालचाल टिपते. या तिघांच्या साक्षी मेंदूत, विशेषतः मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या लहान मेंदूत, जुळवल्या जातात. तिन्ही साक्षी जुळल्या की तोलाची जाणीवही होत नाही. एक साक्षीदार चुकीचे बोलू लागला की मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळालाच आपण चक्कर म्हणतो.

कानातील तोलाच्या इंद्रियाची रचना मोठी विलक्षण आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका परस्परांशी काटकोनात बसवलेल्या असतात. त्यांत द्रव असतो. मस्तक फिरले की द्रव मागे रेंगाळतो आणि नलिकेच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी वाकतात. फुगडी घालून थांबलेल्या मुलीला थांबल्यावरही घर फिरताना दिसते ते यामुळेच. तिचे शरीर थांबलेले असते, कानातील द्रव थांबलेला नसतो. नलिकांच्या मुळाशी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. वर-खाली, पुढे-मागे होणारी गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा त्यांच्या भाराने कळते.

हे ज्ञान फार जुने नाही. १८६१ मध्ये पॅरिसमधील प्रॉस्पर मेनिएर या वैद्यांनी चक्करेचे मूळ कानात असू शकते असे प्रथम ठामपणे मांडले. त्याआधी असे झटके मेंदूचेच मानले जात. पुढे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत असताना त्यांच्या लक्षात आले, की पाणी थंड असले तर रुग्णाला चक्कर येते आणि त्याची बुबुळे एका दिशेने झटके देतात. पाणी अधिक गरम असले तर ती उलट दिशेने झटके देतात. या साध्या निरीक्षणातून कानातील इंद्रियाची परीक्षा शक्य झाली. या कार्यासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. आजही चक्करेच्या निदानात बुबुळांची हालचाल पाहणे हीच सर्वांत मोलाची तपासणी आहे. डोळे आणि कान यांच्या नसा मेंदूत इतक्या जवळून जोडलेल्या आहेत की कान बिघडला तर ते डोळा सांगतो.

निदानाचे तीन प्रश्न

अक्कांच्या सुनेने शेवटी त्यांना मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. अक्का नेहमीप्रमाणे सांगू लागल्या, “डोके गरगरते, कसेतरीच होते.” डॉक्टरांनी त्यांना थांबवले. “अक्का, कसे होते ते नंतर सांगा. केव्हा होते, काय केल्यावर होते आणि किती वेळ टिकते, एवढे आधी सांगा.”

या तीन प्रश्नांत निदानाचा मोठा भाग सामावलेला आहे. चक्कर कशी वाटते याचे वर्णन एकच रुग्ण सकाळी एक आणि सायंकाळी दुसरे करतो. परंतु काय केल्यावर येते आणि किती वेळ टिकते, हे तो सहसा बदलत नाही.

अक्कांची उत्तरे स्पष्ट होती. चक्कर येई ती नमस्कारासाठी वाकून उठताना, अंथरुणात डाव्या कुशीवर वळताना आणि माळ्याकडे मान वर करताना. टिके ती एक मिनिटाहून कमी. कानात आवाज नव्हता, ऐकू कमी येत नव्हते, शुद्ध हरपत नव्हती. नुसते बसून राहिल्यावर काहीच होत नसे.

डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या पलंगावर बसवले, मान डावीकडे अर्धवट वळवली आणि पटकन उताणे निजवून डोके पलंगाच्या काठाखाली किंचित झुकवले. काही सेकंद काहीच झाले नाही. मग अक्कांची बुबुळे ठराविक लयीत झटके देत फिरू लागली आणि अक्का ओरडल्या, “हीच ती!” सून घाबरली, डॉक्टर मात्र आश्वस्त झाले. मार्गरेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही परीक्षा आहे. तिला यंत्र लागत नाही आणि ती दोन मिनिटांत होते.

अक्कांच्या डाव्या कानातील काही स्फटिक आपल्या पिशवीतून सुटून नलिकेत शिरले होते. मस्तक विशिष्ट दिशेने हलले की ते द्रवात घरंगळत आणि नसलेल्या गतीची खोटी साक्ष मेंदूला देत. वाढत्या वयात हे अधिक घडते. कधी डोक्याला मार लागल्यावर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावरही घडते. वारंवार येणाऱ्या गरगरण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

स्फटिक जर घरंगळून आत गेले असतील, तर घरंगळवूनच बाहेर काढता आले पाहिजेत. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी याच विचारातून एक कृती बसवली. समव्यवसायिकांना ती बराच काळ खरी वाटली नाही. १९९२ मध्ये त्यांनी तिची फलिते प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते. बाधित कानाकडे मान वळवून रुग्णाला उताणे निजवतात. चक्कर शमेपर्यंत थांबून मान हळूहळू दुसऱ्या बाजूस वळवतात. मग संपूर्ण शरीर त्या कुशीवर वळवून चेहरा जमिनीकडे करतात. शेवटी सावकाश उठवून बसवतात. प्रत्येक स्थितीत सुमारे अर्धा मिनिट थांबायचे असते. स्फटिक नलिकेतून फिरत पुन्हा मूळ पिशवीत येतात. गोळी नाही, चाकू नाही, सुई नाही. बहुतेकांना एक-दोन वेळा केल्यावर आराम पडतो. कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरल्यावाचून मात्र ही कृती करू नये. पहिली वेळ जाणकाराच्या हाताखालीच व्हावी. मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा गंभीर विकार असल्यास आधी सांगावे.

आणि मणक्यांची झीज? ती अक्कांच्या मानेत खरोखरच होती. त्या वयाच्या बहुतेकांच्या मानेत ती असते, चक्कर नसलेल्यांच्याही. छायाचित्रात काहीतरी दिसले म्हणून तेच कारण ठरत नाही.

सेकंद, तास आणि दिवस

प्रत्येक चक्कर अक्कांसारखी नसते. झटका किती वेळ टिकतो त्यावरून तज्ज्ञ वेगवेगळ्या दिशांनी विचार करतात.

वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत जग फिरत राहिले, त्याबरोबर एक कान भरल्यासारखा वाटला, कानात घूं घूं आवाज आला आणि ऐकू कमी आले, तर मेनिएर यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार असू शकतो. त्यात कानातील द्रवाचा समतोल बिघडतो. श्रवण तपासणी आवश्यक ठरते आणि आहारातील मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो.

काही मिनिटांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत चक्कर, त्यासोबत प्रकाश आणि आवाज असह्य होणे, आणि पूर्वीपासून अर्धशिशीचा त्रास असेल, तर ती अर्धशिशीजन्य चक्कर असू शकते. त्या वेळी डोके दुखतेच असे नाही. म्हणून हे कारण पुष्कळदा निसटते. जागरण आणि जेवणाच्या वेळा चुकणे यांनी ती चाळवते. तरुण स्त्रियांना होणाऱ्या चक्करेत या कारणाचा विचार अवश्य व्हावा.

अचानक सुरू झालेली आणि दिवसभर, दोन दिवस अखंड टिकणारी चक्कर, सोबत उलट्या, परंतु ऐकू नीट येत असेल, तर कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते. ती बहुधा विषाणूमुळे येते. पहिले दोन-तीन दिवस गोळ्यांचा आधार लागतो. पुढे मात्र लवकर उठून चालणे आणि नजर स्थिर ठेवून मान हलवण्याचे व्यायाम हेच खरे औषध ठरते, कारण मेंदूला नव्या स्थितीशी जुळवून घेण्याचा सराव हवा असतो.

याखेरीज काहींना मूळ आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने डोलल्यासारखे वाटत राहते. गर्दीत, बाजारात, उभे राहिल्यावर ते वाढते. हा मनाचा खेळ म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. घाबरलेला मेंदू तोलावर अखंड पहारा देत राहतो आणि त्या पहाऱ्याचाच त्रास होतो. व्यायाम, समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे यांनी तो कमी होतो.

क्षयरोगात किंवा गंभीर जंतुसंसर्गात दिली जाणारी काही इंजेक्शने, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन, दोन्ही कानांतील तोलाच्या पेशींना इजा करू शकतात. अशा व्यक्तीला गरगरत नाही. पण चालताना समोरचे दृश्य उडते आणि अंधारात तोल जातो. पूर्वी घेतलेल्या इंजेक्शनांची माहिती म्हणूनच डॉक्टरांना द्यावी.

उभे राहताना येणारी अंधारी

अक्कांच्या घरातच दुसरे उदाहरण होते. त्यांच्या पतींना, आप्पांना, दशलक्षण पर्वात उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येई. तीही घरात ‘चक्कर’च म्हटली जाई. आप्पा रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेत. त्यांतील एक लघवी वाढवणारी होती. पर्वात एकाशन आणि मध्ये उपवास, त्यातच मिठाचा त्याग. अन्न कमी, पाणी कमी, मीठ नाही. गोळ्या मात्र पूर्वीच्याच मापाने. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते; ते वर ढकलण्यास शरीरात पुरेसा द्रव नसला की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते.

याची परीक्षा घरीही करता येते. पाच मिनिटे निजून रक्तदाब मोजावा. मग उभे राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर कारण सापडले. नुसत्या बसून मोजलेल्या रक्तदाबात हे दिसत नाही. प्रोस्टेटच्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असाच परिणाम होतो.

दोष तपाचा नव्हता. तप आणि औषध यांचा मेळ घातला गेला नव्हता. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ ही भावना सांगितली आहे. तप आपल्या शक्तीनुसार करावे हा आचार्यांचा विवेक आहे आणि शक्तीत शरीराची आजची अवस्थाही येते. चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच, आपण कोणते व्रत घेणार आहोत, पाणी घेणार की निर्जळी उपवास करणार, मीठ सोडणार का, हे डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ बदलण्याचा निर्णय त्यांनीच घ्यावा. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे तितकेच घातक आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. इन्सुलिन आणि काही गोळ्या उपाशीपोटी साखर एकदम उतरवतात. थरथर, घाम, धडधड आणि अंधारी ही तिची चिन्हे आहेत. साखर ७० च्या खाली गेल्यास तत्काळ गोड घेणे अपरिहार्य ठरते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्याही उपवासात धोक्याच्या ठरू शकतात. श्वेतांबर परंपरेत प्रत्याख्यान घेताना समाधी टिकावी यासाठी आगार ठेवलेले असतात. व्रत घेण्यापूर्वीच गुरुमहाराजांसमोर आजार मोकळेपणाने सांगितला, तर ऐन वेळी व्रत की जीव असा प्रसंग ओढवत नाही.

ज्या उपवासात पाणी चालते, त्यात उकळलेले पाणी सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे घेत राहावे. सायंकाळी एकदम घेऊन भागत नाही. पहाटे उठताना आधी कुशीवर वळावे, मग बसावे, पाय थोडे हलवावेत आणि नंतर उभे राहावे. अंधारी आली तर उभे राहण्याचा हट्ट न धरता तेथेच बसावे किंवा निजून पाय उंच करावेत.

डोळे मिटल्यावर जाणारा तोल

तिसरा प्रकार सर्वांत गुपचूप येतो. कायोत्सर्गात उभे राहून डोळे मिटले की काहींचा देह डुलू लागतो. स्नान करताना तोंडावर पाणी घेतले, डोळे मिटले आणि भिंतीचा आधार घ्यावा लागला, अशी तक्रार असते. दिवसा ठीक चालणारा माणूस अंधारात अडखळतो. गरगरणे मुळीच नसते.

येथे तळपायांची साक्ष क्षीण झालेली असते. डोळे उघडे असेपर्यंत ते उणीव भरून काढतात. मिटले की उघडकीस येते. पाय जुळवून, डोळे मिटवून उभे करण्याची जी परीक्षा डॉक्टर घेतात, ती जर्मन वैद्य रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. कायोत्सर्गाच्या मुद्रेशी तिचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या श्रावकाला पूर्वी कायोत्सर्ग सहज साधत असे आणि आता साधत नाही, त्याने ते केवळ वयाचे लक्षण मानू नये.

दीर्घकाळचा मधुमेह हे याचे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण शाकाहारी समाजाने विशेष जाणून घ्यावे असे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. शाकाहारात त्याचा आधार दूध, दही, ताक एवढाच. रसपरित्यागात किंवा आयंबिलाच्या ओळीत दूध-दही सुटले, वयामुळे पचनातून त्याचे शोषण घटले, किंवा मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या, तर साठा हळूहळू संपतो. तळपायांना मुंग्या, बधिरता, जिभेची आग, विस्मरण आणि अंधारात जाणारा तोल ही त्याची चिन्हे आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. लवकर लक्षात आले तर नसा सुधारतात. फार उशीर झाल्यास झालेली हानी पूर्ण भरून येत नाही.

औषधाच्या शुद्धतेविषयी श्रावकांच्या मनात शंका असते. ती रास्त आहे. ब-१२ हे जीवाणूंच्या किण्वनातून तयार करतात. ते प्राण्यांच्या शरीरातून काढावे लागत नाही. गोळीच्या वेष्टनावरील माहिती वाचावी आणि जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनवतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलेही मिळते. ड जीवनसत्त्वाची कमतरता असणाऱ्यांत कानातील स्फटिक पुन्हा पुन्हा सुटण्याचा संभव अधिक असतो. म्हणून तीही तपासून घ्यावी.

घरी थांबू नये अशी चक्कर

चक्कर बहुतेक वेळा जिवावर बेतणारी नसते. परंतु काही वेळा ती मेंदूच्या मागील भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याची खूण असते. चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, हाता-पायातील शक्ती जाणे, गिळता न येणे, आधाराशिवाय बसता-उभे राहता न येणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, यांपैकी एकही असल्यास क्षणाचाही विलंब करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवावे. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. छातीत दुखणे, धडधड, शुद्ध हरपणे, किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणे यांनाही तातडीचेच मानावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेंदूच्या मागील भागातील असा आघात सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही; पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही क्वचित निसटतो. स्कॅन स्वच्छ आला, पण माणसाला उभे राहता येत नाही, तर घरी परत जाण्याची घाई करू नये. उलटपक्षी, अक्कांसारख्या चक्करेला महागड्या स्कॅनची सहसा गरजच नसते.

गोळीचे व्यसन नको

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या तीव्र झटक्यात काही दिवस उपयोगी आहेत. परंतु प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास वृद्धांमध्ये हात थरथरणे, चाल मंदावणे, अंग ताठणे असा कंपवातासारखा विकार उद्भवू शकतो. तोल सावरण्याची मेंदूची स्वाभाविक शक्तीही त्यांनी मंदावते. अक्कांच्या हाताला आलेला कंप ‘म्हातारपणाचा’ समजला गेला होता. गोळी टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर तो काही महिन्यांत पुष्कळ कमी झाला.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर थोडे लिहून न्यावे : पहिला झटका केव्हा आला, काय करताना येतो, किती सेकंद, मिनिटे किंवा तास टिकतो, कानाचे, डोळ्यांचे, डोकेदुखीचे काही सोबत असते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कोणती व्रते. झटका चालू असताना घरच्यांनी मोबाइलवर डोळ्यांचे चित्रीकरण केले तर त्याचाही निदानास मोठा उपयोग होतो.

घरातही थोडी यत्ना हवी. स्नानगृहात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, पायाखाली न सरकणारी पायपुसणी आणि पायात न घसरणारी चप्पल एवढ्याने खुब्याचे हाड मोडण्याचे पुष्कळ प्रसंग टळतात. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून चालण्यास सांगितले आहे. तो नियम जीवदयेसाठी आहे. पण ज्याच्या पायांची साक्ष दुबळी झाली आहे, त्याच्या स्वतःच्या जीवाचीही त्यात काळजी घेतली जाते.

आप्पांच्या गोळ्यांचे माप डॉक्टरांनी पर्वापुरते बदलून दिले आणि मीठ न सोडण्याचा सल्ला दिला. त्यांनी यंदा मिठाऐवजी गोडाचा त्याग केला. अक्कांना त्या दिवशी तपासणीच्या पलंगावरच एप्लीची कृती दोन वेळा करण्यात आली. आठवड्याने पुन्हा परीक्षा केली, तेव्हा बुबुळे स्थिर राहिली. स्फटिक पुढे कधी पुन्हा सुटू शकतील, तेव्हा घाबरू नका, लगेच या, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले.

त्यानंतरच्या अष्टमीला अक्का मंदिरात गेल्या. नमस्कार करताना सुनेने खांद्याजवळ हात धरून ठेवला होता. अक्कांनी मस्तक टेकवले, सावकाश वर उचलले, आणि वेदी जागच्या जागी होती. त्या काही वेळ तशाच बसून राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “चल, आता प्रदक्षिणा घालू.”